ट्राउटचा दोर आणि नळगंगेचे पाणी

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे जे दोन भाग लोकव्यवहारात पडलेले आहेत, त्यांच्या सांध्यावर, अजिंठ्याच्या डोंगररांगेची उतरण संपून पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या सपाटीला जेथे आरंभ होतो अशा ठिकाणी, मोताळा तालुक्यातील रोहिणखेड वसले आहे. इतिहासाच्या अभ्यासकांस हे गाव दोन लढायांमुळे परिचित असते. १४३७ मध्ये बहमनी सरदार खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नसीरखान फारुकीचा येथे मोड केला. आणि १५९० मध्ये बुऱ्हाण निजामशहाने अहमदनगरच्या तख्तावरील आपला हक्क येथेच शाबीत करून घेतला, त्या झुंजीत प्रतिपक्षाचा जमालखान कामास आला. त्याच जमालखानाच्या पक्षातील खुदावंदखान महदवी याने १५८२ साली बांधलेली लहानशी पण देखणी मशीद गावाच्या गतवैभवाची साक्ष म्हणून अद्याप दाखविली जाते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र तख्ताचा नाही, तलवारीचाही नाही. पाण्याकाठी गळ टाकून बसणाऱ्या माणसाने त्या गळास कोणता दोर बांधावा, एवढाच तो आहे. आणि तो रोहिणखेडास उभे राहून पाहण्याचे कारण असे की, या प्रश्नाची आजवर छापली गेलेली बहुतेक उत्तरे ज्या माशाला समोर ठेवून दिलेली आहेत, तो मासा या मुलखात कधी आला नाही आणि येऊही शकणार नाही.

तो मासा ट्राउट. बर्फाच्या वितळणीवर वाहणारे, प्राणवायूने भरलेले, सामान्यतः दहा ते सोळा अंश उष्णतेचे पाणी त्यास मानवते. वीस अंशांच्या वर तो कासावीस होतो आणि पंचविशीच्या आसपास बहुधा प्राण सोडतो. घाटाखालच्या मुलखात उन्हाळ्याचा पारा चाळिशी ओलांडून जातो आणि उथळ जलाशयांचे पाणी अंगास कोमट लागते, हे ज्याने अनुभवले आहे त्यास ट्राउटच्या अनुपस्थितीचे आणखी प्रमाण नको. हिंदुस्थानातही हा मासा मूळचा नव्हे. स्कॉटलंडहून आणलेली अंडी १९०० च्या सुमारास काश्मीरात जगली, तेथून १९०९ मध्ये ती कुलूच्या खोऱ्यात गेली, आणि निलगिरीच्या पठारावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चाललेल्या खटपटीस विसाव्या शतकाच्या प्रारंभी यश आले. साहेबाने आपल्याबरोबर आपला मासा आणला आणि त्या माशाबरोबर त्याला पकडण्याचे शास्त्रही आणले. त्या शास्त्राचे पहिले सूत्र असे की, दोर जितका बारीक आणि जितका अदृश्य तितका उत्तम. आज मोताळ्याचा एखादा तरुण दुकानातून रिळाची डबी घेतो तेव्हा तिच्यावर छापलेली शिफारस, आणि ती घेण्यापूर्वी त्याने जे काही वाचलेले वा ऐकलेले असते ते, बहुतांशी या एका सूत्राचाच विस्तार असतो.

सूत्र खोटे नाही. परंतु ते ज्या परिस्थितीतून निघाले ती परिस्थिती लक्षात घेतल्यावाचून त्याचा अंमल करणे धोक्याचे आहे. ट्राउट निर्मळ पाण्यात राहतो, प्रवाहाकडे तोंड करून एका जागी स्थिर असतो आणि पाण्यावरून वाहत येणारा किडा नजरेने पारखून उचलतो. किडा प्रवाहाच्या गतीने न येता दोराच्या ओढीने तिरपा सरकला, तर तो त्यास शिवत नाही. म्हणून युरोपात घोड्याच्या शेपटीचे केस पिळून दोर करण्याची रीत पडली. काठीकडे अधिक केसांचा, गळाकडे कमी होत होत अखेरीस दोन-तीन केसांचा, असा तो निमुळता दोर असे. १६५३ साली आयझॅक वॉल्टन याने आपला विख्यात ग्रंथ लिहिला तेव्हा हीच रीत प्रचलित होती. पुढे रेशमाच्या किड्याची रेशीमग्रंथी आंबट द्रवात भिजवून, हाताने ताणून काढलेला तंतू आला. स्पेनमधील मुर्सिया प्रांत या व्यवसायाचे माहेरघर होता. हा तंतू वीतभर, फार तर हातभर लांबीचा असे. सबब अनेक तुकडे गाठींनी जोडावे लागत, आणि कोरडा असताना तो इतका ठिसूळ होई की, वापरण्यापूर्वी कित्येक तास भिजत ठेवल्यावाचून त्यास गाठ मारता येत नसे. अधिक बारीक तंतू हवा असल्यास तो छिद्रांतून ओढून काढीत, आणि त्या ओढणीवरून त्यास क्रमांक देत. ती मोजणी आजही टिकून आहे. अकरातून क्रमांक वजा केला म्हणजे इंचाच्या सहस्रांशांत जाडी निघते. म्हणजे पाच क्रमांकाचा दोर सहा सहस्रांश इंचाचा, मिलिमीटरात सुमारे ०.१५ चा. रेशीम-तंतूचा व्यवसाय नामशेष झाला तरी त्याची मापे कारखान्याच्या दप्तरात कायम राहिली.

आपल्याकडे या विद्येचे दप्तर याहून जुने आहे, याची आठवण फार थोड्यांना असते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याने ११२६ ते ११३८ पर्यंत राज्य केले, त्याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाने करावयाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांची वसतिस्थाने, त्यांना आधी चारा घालून एका जागेची सवय लावण्याची रीत, आमिष, गळ, काठी आणि दोर या सर्वांचा त्यात विचार आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर लेख लिहून ते विद्वानांच्या नजरेस आणले. एवढे असूनही गळाने मासे धरणे हा इंग्रजी छंद होय, हा समज आपल्या सुशिक्षितांत दृढ आहे. साहेबांपैकी जे डोळस होते त्यांना मात्र इथल्या पाण्याचा वेगळेपणा लवकर उमगला होता. मद्रासकडील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १८८७ मध्ये केवळ तळ्यांतील गळ-मासेमारीवर दुसरा. तळ्यासाठी निराळे पुस्तक लिहावेसे वाटले, यातच त्याच्या समजुतीची खूण आहे.

वऱ्हाडात नायलॉन येण्यापूर्वी दोर कशाचा असे, हे सांगावयास पुराव्याची फारशी धावाधाव नको. कापूस हे या मुलखाचे पीक, अंबाडी धुऱ्याबांधावरची. घरच्या सुताचा पीळ घातलेला दोर आणि अंबाडीच्या वाखाची सुतळी, यांवरच लहान माशापासून मोठ्या माशापर्यंतची भिस्त असे. कापसाच्या सुताचा एक गुण असा की, ते ओले झाले म्हणजे कोरड्यापेक्षा बळकट होते. त्याच्या ताकदीत दहा ते वीस टक्क्यांची भर पडते. दुर्गुण असा की ते कुजते. पाण्यातील सूक्ष्म जंतू त्या तंतूवरच उपजीविका करतात, आणि प्रत्येक खेपेनंतर न वाळविता गुंडाळून ठेवलेला सुती दोर ऐन वेळी हातात तुटून येतो. म्हणून भोई मंडळी सुती जाळी बाभळीच्या सालीच्या काढ्यात उकळून काढीत. सालीतील तुरट द्रव्य सुतास बसले म्हणजे कुजण्याची क्रिया मंदावते आणि दोरास जो तांबूस-काळा रंग चढतो तो गढूळ पाण्याशी सहज मिळून जातो. काढ्याची ही युक्ती जाळ्यापुरती नव्हती, गळाच्या दोरासही ती तितकीच लागू पडते. तिचा जाता जाता एवढ्यासाठी उल्लेख केला की, दोराचा रंग पाण्याच्या रंगावरून ठरवावा, हे तत्त्व रिळाच्या डबीवर छापले जाण्यापूर्वी हातांस ठाऊक होते.

१९३८ मध्ये अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीने नायलॉन जाहीर केले आणि पुढील पंचवीस-तीस वर्षांत घोड्याचा केस, रेशीम-तंतू, सूत आणि अंबाडी या सर्वांची वतने खालसा झाली. आपल्याकडे त्यास तंगूस म्हणतात. एकाच अखंड धाग्याचा, गुळगुळीत, अर्धपारदर्शक, न कुजणारा आणि हव्या त्या लांबीचा दोर कवडीमोलाने मिळू लागला, हा गळाच्या इतिहासातील सर्वांत मोठा पालट होय. त्याच्या पुढचे सारे शोध या एका शोधाची दुरुस्ती करण्याच्या खटपटी आहेत. त्याचे दोष मात्र सुताच्या नेमके उलट. तंगूस पाणी शोषतो आणि ओला झाल्यावर त्याची दशांशाहून अधिक ताकद कमी होते, सबब डबीवर छापलेला आकडा कोरड्या दोराचा असेल तर पाण्यात तो तितका भरणार नाही. तो कुजत नाही, परंतु उन्हाने मरतो. टिनाच्या छपराखाली खिळ्याला टांगून ठेवलेले रीळ दोन उन्हाळ्यांनंतर दिसावयास नवे आणि ताणावयास जुने निघते. आणि तो ताणतो. तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या पंचमांश ते चतुर्थांश इतका तो लांबतो. या शेवटच्या गोष्टीस पुस्तकांत दोषांच्या यादीत घातलेले आढळते, कारण ताणणाऱ्या दोरातून माशाचा हलका स्पर्श हातास पोहोचत नाही. परंतु ज्याच्या हाती केवळ काठी आहे, त्याच्या बाबतीत तोच गुण ठरतो, आणि या मुद्द्यावर थोडे अधिक थांबले पाहिजे.

दोराच्या ताकदीचा विचार सामान्यतः माशाच्या वजनावरून केला जातो. पाच किलोचा कटला धरावयाचा तर पाच किलोचा दोर, दहाचा तर दहाचा, हा हिशेब ऐकणाऱ्यास पटतो. वास्तविक पाण्यात माशाचे वजन जवळजवळ नसतेच, कारण त्याच्या देहाची घनता पाण्याच्या घनतेशी मिळतीजुळती असते. त्याचे खरे वजन त्यास पाण्याबाहेर उचलताना जाणवते, आणि तेवढ्यासाठी हातजाळी असते. दोर तुटतो तो वजनाने नव्हे, हिसक्याने. स्थिर ओढ आणि अचानक बसलेला झटका यांतील अंतर ज्याने बैलगाडीचे जू एकदा तरी खांद्यावर घेतले आहे त्यास समजावून सांगावयास नको. आता ज्याच्याजवळ रीळ आहे त्याच्या दोरास झटका झेलण्यासाठी तीन राखीव साधने असतात : काठीचे वाकणे, रिळाची घट्ट-सैल करता येणारी कळ, आणि रिळावर शिल्लक असलेला दोर. कळ दोराच्या ताकदीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकी ठेवली तर मासा जोर करताच दोर सुटत जातो आणि तुटण्याचा प्रसंग येत नाही. परंतु बांधावर बांबूची काठी घेऊन बसलेल्या माणसाचा दोर काठीच्या टोकाला बांधलेला असतो. सोडावयास त्याच्याकडे हातभरही नसतो. त्याची सारी राखीव शिल्लक म्हणजे बांबूचे लवणे आणि तंगूसाचे ताणणे. म्हणून न ताणणारा, महाग, आधुनिक दोर रीळ नसलेल्या काठीस बांधण्याचा सल्ला जो देतो, त्याने ती काठी कधी हातात धरलेली नसावी.

जाडीचाही एक हिशेब आहे, तो दुकानदार सांगत नाही. ताकद जाडीच्या प्रमाणात वाढत नसून जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ०.२० मिलिमीटरचा चांगला तंगूस तीन किलोच्या आसपास धरतो, तर त्याच्या दुप्पट जाडीचा ०.४० चा दहा ते बारा किलो. याचा एक अर्थ असा की, थोडीशी जाडी वाढविल्याने बरीच ताकद पदरात पडते. दुसरा असा की, खडकावर घासून दोराची जाडी पाचव्या हिश्शाने झिजली तर ताकद एक तृतीयांशाहून अधिक गेलेली असते. घाटाखालच्या पाण्यासाठी हा दुसरा अर्थच मोलाचा.

कारण इथले पाणी. नळगंगा डोंगरातून उतरून पूर्णेस मिळते, पूर्णा तापीस; घाटावरची पैनगंगा मात्र याच जिल्ह्यात उगम पावून गोदावरीकडे जाते, असा हा दोन खोऱ्यांचा पाणलोट. मोताळा तालुक्यातील नळगंगा धरणाचा जलाशय हे या टापूतील गळ टाकणाऱ्याचे मुख्य क्षेत्र. मिरगाचा पहिला दमदार पाऊस पडला म्हणजे काळ्या मातीचे पाणी इतके दाट उतरते की हातभर खालची वस्तू दिसत नाही. आणि दिवाळीनंतर गाळ खाली बसत जाऊन पौष-माघात तेच पाणी बरेच निवळते. तळाशी काळा कातळ, त्याचे धारदार काठ, बुडीत क्षेत्रातील बाभळींचे खोडके, आणि काठाने बेशरमीची दाटी. ट्राउटच्या झऱ्यात दोराचा शत्रू माशाचा डोळा असतो. येथे दोराचा शत्रू तळ आहे. माझ्या मते हा एकच फरक ध्यानात धरला तर या विषयावरील निम्मे वाद आपोआप निकालात निघतात.

माशांचेही तेच. कटला मोठ्या तोंडाचा, वरच्या थरात चरणारा आणि कणकेचा किंवा पेंडीचा गोळा सावकाश ओढून घेणारा. त्यास बारीक दोर आणि संयम हवा, आणि थंडीच्या निवळ पाण्यात ०.२५ ते ०.३० मिलिमीटरचा तंगूस त्याच्यासाठी योग्य. रोहू त्याच जातीचा, पण अधिक चपळ. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी चरतात, त्यामुळे दोराचा शेवटचा हात-दोन हात भाग सतत खडकावर पडून असतो, त्यांच्यासाठी ०.३५ च्या खाली उतरू नये. मरळाची गोष्ट निराळी आहे. तो गवतात, बेशरमीच्या मुळाशी दबा धरून असतो, बेडकीवर किंवा लहान माशावर झडप घालतो आणि गळ लागताच पहिल्या क्षणी पुन्हा मुळाशी घुसतो. त्याच्याशी सौम्यपणाने खेळत बसण्याची सवड नसते; दोन क्षणांत त्याला उघड्या पाण्यावर आणले तर आणले, नाहीतर दोर मुळाला वेढे घेतो आणि मासा, गळ, शिशाचा मणी सर्व तेथेच राहते. मरळासाठी ०.४५, वेळप्रसंगी ०.५० चा दोर लावणाऱ्या गावकऱ्यास शहरातून आलेला हौशी माणूस हसतो, आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परत जातो. शिवड्याच्या जबड्यात बारीक दातांची पट्टी असते, तिच्यावर तंगूस कानशीवर घासल्यासारखा झिजतो. म्हणून गळाजवळची वीतभर पातळ तार किंवा दुप्पट जाडीचा तुकडा लावणे हाच उपाय. वाम दगडाच्या कपारीत शेपूट अडकवून दोरास पीळ घालते, आणि वाम सुटली तरी पीळ पडलेला दोर मग कामाचा राहत नाही.

नायलॉनच्या दोषांवर उपाय म्हणून जे दोन दोर पुढे आले, त्यांची दखल घेतल्यावाचून आढावा पुरा व्हायचा नाही. फ्लुओरोकार्बनचा दोर १९७० च्या दशकाच्या प्रारंभी जपानातील कुरेहा कंपनीने काढला. त्याचा मुख्य दावा अदृश्यतेचा. प्रकाश वळविण्याचा पाण्याचा अंक १.३३, नायलॉनचा सुमारे १.५३ आणि याचा १.४२, म्हणजे तो पाण्याशी अधिक मिसळतो. शिवाय तो पाणी शोषत नाही, घर्षण बऱ्यापैकी सोसतो आणि जड असल्यामुळे खाली बसतो. तथापि मिरगापासून अश्विनापर्यंत ज्या पाण्यात हातभर खालचे दिसत नाही तेथे अदृश्यतेसाठी जादा दाम मोजणे हा निव्वळ अपव्यय होय; हिवाळ्यात कटल्यासाठी गळाजवळचा एक हात तुकडा त्याचा लावला तर लाभ संभवतो, याहून अधिक शिफारस त्याची करता येत नाही.

ब्रेडेड म्हणून जो विणलेला दोर मिळतो त्याच्याविषयी मतभेद अधिक तीव्र आहेत. अतिशय लांब रेणूंच्या पॉलिथिनचे तंतू विणून तो केलेला असतो. तितक्याच जाडीच्या तंगूसाच्या तिप्पट-चौपट ताकद, ताण जवळजवळ शून्य, आणि पाण्याहून हलका असल्यामुळे तरंगणारा. दूर फेकण्यास, माशाचा स्पर्श कळण्यास आणि गवतातून मरळ ओढून काढण्यास त्याच्यासारखा दोर नाही. वनस्पतींचे देठ तो कापत जातो. परंतु कातळाच्या धारेवर ताणलेला असताना त्याचे सूक्ष्म तंतू एकामागून एक तुटत जातात आणि तो अनपेक्षितपणे दगा देतो. गुळगुळीतपणामुळे साधी गाठ त्यात टिकत नाही, सरकून सुटते. झटका झेलण्याची शक्ती त्याच्यात नाही, हे वर आलेच. यावरून प्रस्तुत लेखकाचा कौल असा की, रीळ असेल, तळ गवताळ असेल आणि लक्ष्य मरळ असेल तरच ब्रेडेड. आणि तेव्हाही शेवटचा दीड-दोन हात भाग जाड तंगूसाचा जोडावा, म्हणजे घासणे आणि झटका दोन्ही त्याच्या वाट्यास जातात. दोन निराळ्या जातींचे दोर जोडणारी गाठ शिकावयास एक दुपार पुरते. ती शिकण्याचा कंटाळा हेच पुष्कळदा ब्रेडेडच्या बदनामीचे कारण असते.

गाठीविषयी आणखी थोडे. कोणतीही गाठ दोराची ताकद कमी करते. आपण सहज मारतो ती साधी एकेरी गाठ जवळजवळ निम्मी ताकद खाते. तंगूसाची गाठ आवळताना ती आधी थुंकीने किंवा पाण्याने ओली करणे अवश्य आहे, कारण कोरडा धागा धाग्यावर घासून जी ऊब निर्माण होते तिने नायलॉन त्याच ठिकाणी दुबळे पडते. आणि आवळणे एका झटक्यात न करता, वेढे एकमेकांशेजारी नीट बसलेले पाहत सावकाश करावे लागते. तुटलेल्या दोराचे टोक फेकून देण्यापूर्वी उन्हात धरून पाहण्याची सवय ज्यास असते त्यास आपल्या अपयशाचे पंचनामे आपोआप मिळतात. टोक कुरळे, डुकराच्या शेपटीसारखे वळलेले असेल तर दोर तुटला नाही, गाठ सुटली. टोक स्वच्छ, जणू कात्रीने छाटलेले असेल तर दोर ओढीला पुरा पडला नाही, किंवा दाताने तुटला. टोकाजवळचे दोन-तीन बोटे अंतर खरखरीत, पांढुरके, तंतू सुटल्यासारखे असेल तर कातळाने काम केले. तिन्हींची औषधे निराळी आहेत. कातळाने झिजलेल्या दोराच्या जागी त्याच जाडीचा नवा दोर बांधणारा मनुष्य पुन्हा तेथेच येऊन ठेपतो. आणि सुटलेल्या गाठीवर उपाय म्हणून अधिक जाड दोर विकत घेणारा तर दुकानदाराचे आवडते गिऱ्हाईक होय. बसण्यापूर्वी दोराचा शेवटचा वाव अंगठ्याचे नख आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून ओढत न्यावा. नखास खरखर लागली तर तेवढा तुकडा तोडून गळ पुन्हा बांधावा. या तपासणीस दोन पैसेही लागत नाहीत.

काठी, शिसे, तरंगती खूण यांचा विचार दोराइतका महत्त्वाचा नाही. ज्वारीच्या धांड्याचा बोटभर तुकडा तरंगावयास पुरतो, आणि तो जितका हलका तितके शिसे कमी, एवढे सांगून पुढे जावयास हरकत नाही.

एका कुप्रथेविषयी मात्र स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे. संक्रांतीच्या सुमारास पतंगासाठी विकला जाणारा नायलॉनचा मांजा, जो राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर निषिद्ध ठरविला आणि तरीही चोरून विकला जातो, तो संक्रांत सरल्यावर काही पोरे गळास बांधतात. स्वस्त असतो, मजबूत दिसतो. परंतु त्यावर चढविलेल्या काचेच्या लेपाने बोटे कापतात, तो लेप उडाल्यावर दोर खरखरीत राहून गाठीपाशी तुटतो, आणि तुटून बेशरमीत अडकलेला मांजा पाणकावळ्यांच्या आणि बगळ्यांच्या पायांस जो फास घालतो तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. तंगूसही या बाबतीत निष्पाप नाही. सुती दोर पाण्यात राहिला तर मातीत मिळत असे. याच्या बाबतीत ती आशा नको. अडकलेला दोर शक्य तेवढा ओढून, तुकडे करून घरी आणणे हे कर्तव्य गळ टाकणाऱ्याने आपले आपण ओळखावयाचे आहे, कारण त्यासाठी कोणी शिपाई काठावर उभा नसतो. शिपाई असतो तो दुसऱ्या कामासाठी. धरणांतील मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, तिची परवानगी आधी घ्यावी लागते. आणि ज्ञानगंगा अभयारण्याच्या हद्दीतील पाण्यात गळ टाकण्याचा विचारही करू नये, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तेथे लागू आहे.

आता राहिला तो वऱ्हाडी गृहस्थ, ज्याला एवढे सर्व वाचूनही खुद्द ट्राउटच हवा असतो. त्याने हिमाचलात तीर्थन किंवा बरोटजवळची ऊहल गाठावी. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर तेथे ट्राउटच्या विणीसाठी बंदी असते, तेव्हा जाणे मार्च ते ऑक्टोबरच्या दरम्यान, आणि तेथील मत्स्य विभागाचा परवाना काढूनच. घरचा ०.४० चा दोर घरीच ठेवावा. चमचमती पत्र्याची पाकळी फेकून ओढावयाची असेल तर रिळावर ०.१८ ते ०.२० चा तंगूस पुष्कळ झाला. कृत्रिम माशीने खेळावयाचे असेल तर मुळी दोराचे वजनच फेकले जाते, म्हणून तेथे प्लास्टिकचा लेप दिलेला, क्रमांकाने ओळखला जाणारा जाड दोर लागतो आणि त्याच्या टोकास हात-दीड हात नव्हे, चांगला सहा हात लांबीचा निमुळता तुकडा, ज्याचे शेवटचे टोक चार किंवा पाच क्रमांकाचे असावे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी काचेसारखे असते तेव्हा पाचच. परंतु मे-जूनमध्ये वरचा बर्फ वितळून नदी दुधाळ, गढूळ आणि जोरकस होते, त्या दिवसांत तेथेही तीन क्रमांकापर्यंत जाड होण्यास संकोच करू नये, आणि परवाना देणाऱ्या कारकुनास पाणी आज कसे आहे एवढे विचारून मगच डबी उघडावी.